निर्नरूटचा नाद: ऑब्लिव्हियन रीमास्टर्डचा जरा वाकडा रिव्ह्यू

ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड, म्हणजे 2006 च्या ऑब्लिव्हियन या गेमचं नव्याने सजवलेलं रूप, 22 एप्रिल 2025 ला आला, म्हणजे बेथेस्डा या गेम कंपनीने त्याच दिवशी घोषणा केली आणि त्याच दिवशी गेम विकायलाही ठेवला, आणि तेव्हापासून ग्राफिक्स कसे, चेहरे कसे, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) किती यावर सगळ्यांचं लिहून झालंय. त्यात मी अजून भर घालत बसत नाही. मी यावेळी हा गेम एका झाडाच्या मागे लागून खेळलो, ते झाड म्हणजे निर्नरूट, आणि हा रिव्ह्यू त्या झाडावरूनच करणार आहे. मेन क्वेस्ट (म्हणजे गेममधली मुख्य कामगिरी), डार्क ब्रदरहुड, शिव्हरिंग आइल्स वगैरे मोठ्या भागांचं ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी भरपूर मटेरियल पडलंय बाहेर.

ज्यांनी एल्डर स्क्रोल्स सिरीज खेळली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. तामरिएल हा खंड, त्यातला मधला प्रांत सिरोडील, आणि ऑब्लिव्हियनची सगळी गोष्ट या सिरोडीलमध्येच घडते. इथे नदीकाठी, तळ्याकाठी, दगडांच्या आडोशाला एक रोप उगवतं, पसरट पानांचं, निळसर हिरवा उजेड टाकणारं. लांबून दिसेलच याची गॅरंटी नाही. पण ऐकू मात्र येतं. काचेच्या ग्लासच्या काठावरून ओलं बोट फिरवलं की जसा सूर निघतो तसा बारीक, अखंड आवाज, थांबतच नाही, जवळ गेलं की वाढतो आणि मान फिरवली की एका कानातून दुसऱ्या कानात सरकतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हमखास वाटतं की हेडफोन बिघडला. मग तो सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ चेक करतो, परत येतो, आवाज चालूच, मग दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं की आवाज झाडाचा आहे.

ही आयडिया 2006 मध्ये आली, मूळ ऑब्लिव्हियनसोबत. त्याआधीच्या मॉरोविंडमध्ये, म्हणजे 2002 च्या गेममध्ये, निर्नरूट नव्हतंच. पण बेथेस्डाच्या लोकांनी ते गुपचूप आणून नुसतं लावून ठेवलं नाही, त्याला मागचा इतिहास पण दिला, आणि तो इतिहास इतका नीट बसवलाय की झाड कायमच या जगात होतं असं वाटतं. गेममध्येच एक पुस्तिका मिळते, सिंडेरियन नावाच्या अल्केमिस्टने, म्हणजे झाडपाल्यातून जादूची औषधं बनवणाऱ्याने, लिहिलेली, त्यात सगळं आहे. निर्नरूट पूर्वी असं निळंहिरवं नव्हतंच, पिवळं होतं. मग पहिल्या युगाचं 668 वं वर्ष उजाडलं. त्या वर्षाला तामरिएलच्या इतिहासात 'सन्स डेथ' म्हणतात, मॉरोविंड नावाच्या प्रांतातला रेड माउंटन हा ज्वालामुखी फुटला आणि राखेने आकाश झाकलं गेलं, सूर्य दिसेना. त्यानंतर निर्नरूट बदललं. पिवळा रंग जाऊन आताचा रंग आला, आणि झाड दुर्मिळ होत गेलं.

आता जरा हिशोब करा. पहिलं युग चाललं 2920 वर्षं, दुसरं 896, आणि ऑब्लिव्हियन घडतो तिसऱ्या युगाच्या 433 व्या वर्षात. म्हणजे तो ज्वालामुखी फुटल्याला साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ उलटून गेलाय, मधे साम्राज्यं आली आणि गेली, आणि आपण रुमारे तळ्याच्या काठावर चिखलात उभं राहून जे रोप उपटतो ते त्या एका वर्षाची शिल्लक खूण आहे. राजेमहाराजे, देव, डेड्रा यांच्या इतिहासाने या सिरीजची पुस्तकं भरलीत, मला त्यातलं निम्मं आठवत पण नाही, पण या झाडाचा इतिहास डोक्यात बसला तो बसलाच. कारण त्याचा पुरावा काठाकाठाने उगवलेला आहे, पुस्तक मिटलं तरी पुरावा समोरच.

क्वेस्ट कशी चालते ते सांगतो. पहिलं निर्नरूट उपटलं की गेम सांगतो की काहीतरी विचित्र झाड मिळालंय, एखाद्या अल्केमिस्टला दाखव. कुठल्याही अल्केमिस्टकडे जा, तो म्हणणार माझ्या आवाक्यातलं नाही, स्किनग्राडच्या सिंडेरियनला भेट. स्किनग्राड म्हणजे सिरोडीलचं वाईनसाठी नावाजलेलं शहर, तिथल्या वेस्ट वील्ड इनच्या तळघरात हा हाय एल्फ म्हातारा आपली प्रयोगशाळा थाटून बसलाय. बोलायला लागला की थांबत नाही, पण ज्याला एका विषयाचं खरंखुरं वेड आहे अशा माणसासारखा बोलतो, त्यामुळे कंटाळा येत नाही. त्याला एलिक्सिर ऑफ एक्सप्लोरेशन बनवायचंय, भटकणाऱ्या माणसाला उपयोगी पडतील असे बरेच इफेक्ट एकत्र असलेलं पेय. त्यासाठी आधी 10 निर्नरूटं आणून द्यायची. दिली की चोवीस तास थांबायचं, मग कमी ताकदीचं एलिक्सिर मिळतं. मग तो म्हणतो 20 आण, अजून चांगलं बनवतो. मग 30. मग 40. बेरीज शंभर.

शंभर! आणि नकाशावर एकाचीही खूण नाही. बाकीच्या क्वेस्टमध्ये कंपासवर हिरवे लाल बाण नाचत असतात, अगदी त्या दारातून आत जा, त्या माणसाशी बोल असं बोट धरून नेतात, आणि इथे काहीच नाही. फक्त कान. आणि 'पाण्याजवळ उगवतं' एवढी एकच माहिती. 2006 च्या मानाने हे धाडसी होतंच, पण आजच्या मानाने तर वेडेपणाच म्हणावा लागेल, कारण आजकालच्या ओपन वर्ल्ड गेमच्या नकाशावर एवढे आयकॉन असतात की खालची जमीन दिसत नाही.

रीमास्टरने इथे काय केलं? काही नाही. आणि हीच सगळ्यात चांगली गोष्ट केली. मला खरंच धाकधूक होती की 'आधुनिक प्लेअरसाठी सोयी' म्हणून निर्नरूटला पण मार्कर लावतील, नकाशावर चमकत्या पानाचा आयकॉन देतील. यातलं काही केलं नाहीये. व्हर्च्युओस स्टुडिओने वरचं सगळं दिसणं अनरियल इंजिन 5 वर नेलं पण आतला गेम जुन्या गेमब्रायो इंजिनवरच चालतोय, त्यामुळे झाडं जिथे होती तिथेच आहेत, क्वेस्ट पण शब्दशः तीच, आणि जुन्या गेममधली जागा तुम्हाला पाठ असेल तर डोळे मिटून चालत जाल.

डोळे मात्र मिटू नका, कारण बदल डोळ्यांसाठीच आहे. जुन्या गेममध्ये निर्नरूटचा उजेड म्हणजे पानांवर रंग मारल्यासारखा होता, आजूबाजूला त्याचा काही परिणाम नाही. नवीन लायटिंगमध्ये रात्री एखाद्या ओढ्याच्या कडेला जा, पाऊस पडून गेलेला असू दे, ओल्या दगडांवर तो फिकट उजेड पडलेला दिसतो, पाण्यात थोडा हलतो. मी तिथे कितीतरी वेळ नुसता कॅमेरा फिरवत बसलो, झाड उपटायचं सोडून. दुसरीकडे गवत मात्र भयंकर वाढवलंय. दिसायला भारी, पण दिवसाउजेडी निर्नरूट त्या गवतात असं काही गडप होतं की दोन फुटांवर असून दिसत नाही आणि आपण त्याच्याभोवती गोल गोल फिरतोय, आवाज कानात, झाड कुठे? यावर काही लोक वैतागलेत. मला आवडलं. कानाचं काम वाढलं उलट. स्पीकरवर खेळत असाल तर मात्र खरंच वैताग येईल, हेडफोन घ्या सरळ, आणि म्युझिकचा आवाज कमी करा, जेरेमी सोलचं संगीत कितीही गोड असलं तरी या कामापुरतं आड येतं.

स्प्रिंट करायची सोय नवीन आहे, आणि इथे तिचा फायदा तोटा दोन्ही. मूळ गेममध्ये पळायचं म्हणजे एकाच वेगाने, आता बटण दाबून सुसाट पळता येतं, त्यामुळे काठाने लांबलांब अंतर पटकन कापलं जातं. पण सुसाट पळताना आपल्याच पावलांचा, चिलखताचा खडखडाट इतका होतो की निर्नरूट मागे राहून जातं आणि कळत पण नाही. घोड्यावर तर बोलायलाच नको. चालत जा, मधे मधे थांबा.

आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर जागा निवडून एकदम तिथे पोचायची सोय, बंद करा, म्हणजे गेममध्ये बंद करता येत नाही, स्वतःच वापरू नका. या क्वेस्टची सगळी मजा त्यात आहे. सिरोडीलच्या पूर्व भागात चार नद्या आहेत, रीड, कॉर्बोलो, सिल्व्हरफिश आणि पँथर, बहुतेक लोक तिकडे कधी फिरकतच नाहीत कारण मोठ्या क्वेस्ट तिकडे कमी नेतात. निर्नरूटच्या निमित्ताने मी त्या चारही नद्यांच्या काठाने गेलो, मग निबेनच्या खाडीने खाली ब्रॅव्हिल, तिथून पार लेयाविनपर्यंत, आणि गेममध्ये एवढा भूभाग नुसता पडून आहे हे तेव्हा लक्षात येतं. पडके किल्ले, गुहा, एखादी एकटी झोपडी. वाटेत मडक्रॅब तर पावलोपावली, ज्यांच्याबद्दल गेममधले सगळे नागरिक एकमेकांकडे तक्रार करत असतात तेच ते खेकडे, आणि पाण्यात उतरलात तर स्लॉटरफिश चावायला हजर. लेव्हल वाढली की काठावर लँड ड्रू भेटतात आणि ते खेकड्यांसारखे गरीब नसतात, वीज मारतात अंगावर.

तिकडे क्वाच शहर जळतंय, सम्राट मेलाय, नरकाची दारं उघडतायत, आपल्याकडे राजाचा ताईत आहे तो मठात पोचवायचाय, आणि आपण काय करतोय तर खाली वाकून पाला गोळा करतोय. या सिरीजमध्ये हे नेहमीचंच आहे पण निर्नरूटने ते अगदी टोकाला नेलंय.

आता तक्रारी, आणि मुख्य तक्रार रीमास्टरची नाही, क्वेस्टच्या गाभ्याचीच आहे. सिंडेरियन आपल्याला स्वतः सांगतो की हे झाड आता दुर्मिळ झालंय, पूर्वी असायचं तेवढं राहिलं नाही. बरं. मग तोच आपल्या हातात पिशवी देऊन सांगतो जा आणि शंभर उपटून आण. आणि ऑब्लिव्हियनमध्ये निर्नरूट परत उगवत नाही. बाकीची फुलं पानं काही दिवसांनी परत येतात, हे नाही. एकदा उपटलं की तो आवाज त्या काठावरून कायमचा गेला. म्हणजे साडेतीन हजार वर्षं, एक ज्वालामुखी, सूर्य झाकला जाणं, हे सगळं पचवून जे झाड टिकलं ते आपण एका एलिक्सिरच्या नादात सिरोडीलमधल्या शंभर जागांवरून कायमचं पुसून टाकतो, आणि गेममधलं एक माणूस त्यावर अवाक्षर काढत नाही. ना सिंडेरियन, ना मेजेस गिल्ड ही जादूगारांची संघटना, ना एखादा शेतकरी. तो म्हातारा उलट खूश, अजून आण म्हणतो.

मला वाटतं लिहिणाऱ्यांना हे सुचलंच नसेल 2006 मध्ये, त्यांना फक्त लोकांना रस्ता सोडून फिरायला लावायचं होतं आणि त्यासाठी एक निमित्त हवं होतं. पण इतिहास इतका नीट लिहिल्यावर हे भोक राहायला नको होतं. रीमास्टरमध्ये एक दोन वाक्यांचा संवाद घातला असता तरी चाललं असतं, शेवटची चाळीस झाडं दिल्यावर सिंडेरियन म्हणाला असता की आता काठ शांत झाले असतील, बास. नवीन आवाज रेकॉर्ड केलेच आहेत ना काही वंशांसाठी, मग इथे काय जड होतं.

बक्षीस पण फिकं आहे. शेवटचं सगळ्यात ताकदीचं एलिक्सिर मिळेपर्यंत तुमचं कॅरेक्टर इतकं पुढे गेलेलं असतं की स्वतःच्या खलबत्त्यात त्याहून कामाचं औषध आरामात बनतं. शंभर झाडांच्या मानाने हे म्हणजे काहीच नाही. जो कोणी फक्त बक्षिसासाठी क्वेस्ट करतो त्याने वीसवर थांबावं, पुढे जाऊन शिव्या घालू नयेत. बाकी आमच्यासारखे लोक चाळीसपर्यंत जाणार ते जाणारच.

पुढचा भाग स्कायरिमबद्दल आहे, म्हणजे 2011 चा गेम, त्यात स्पॉयलर आहेत. पण हा भाग सोडून या झाडाबद्दल लिहिताच येत नाही, कारण ऑब्लिव्हियनमध्ये जे अर्धवट वाटतं त्याचं उत्तर तिकडे आहे, आणि रीमास्टर खेळून मी लगेच स्कायरिम परत इन्स्टॉल केला तो याच कारणाने.

स्कायरिम घडतो चौथ्या युगाच्या 201 व्या वर्षी, म्हणजे दोनशे वर्षांनी. डोंगराळ, बर्फाळ प्रांत, तरी ओढ्याकाठी निर्नरूट आहेच, तोच सूर. इथे ते साध्या अल्केमीतही वापरता येतं, तब्येत आणि दम कमी करणारं, अदृश्य करणारं आणि जादूला विरोध करणारं असे त्याचे चार गुण. रिफ्टनमध्ये इंगन ब्लॅक-ब्रायर नावाची विषं बनवण्याची हौस असलेली श्रीमंत घरची पोरगी आहे, ती 20 डेथबेल, 20 नाइटशेड आणि फक्त 3 निर्नरूट मागते. बघा, एवढ्यात भागवते, विषं बनवणारी पोरगी पण त्या म्हाताऱ्यापेक्षा समजूतदार.

मग तुम्ही ब्लॅकरीचमध्ये उतरता. जमिनीखाली ड्वेमर या नाहीशा झालेल्या लोकांचं प्रचंड मोठं पोकळ जग, चमकणारी अवाढव्य मशरूम, फाल्मर नावाचे आंधळे जीव फिरतायत, आणि अल्फ्टँड नावाच्या जुन्या अवशेषाकडून आत शिरलं की थोड्याच अंतरावर एक छोटीशी इमारत. आत अल्केमीचं टेबल, आणि जमिनीवर एक सांगाडा. शेजारी डायरी. सांगाडा सिंडेरियनचा. तोच. स्किनग्राडच्या तळघरात बसून आपल्याला पिशव्या भरून आणायला लावणारा माणूस शेवटी स्वतः उठून शोधायला निघाला होता, आणि सापडलं पण त्याला, लाल निर्नरूट, क्रिमसन, जे वरच्या जगात कुठेच नाही. ऑब्लिव्हियन ज्याने आधी खेळलाय त्याला त्या खोलीत जे वाटतं ते बाकीच्यांना वाटणार नाही, त्यांच्यासाठी तो नुसता अजून एक सांगाडा. म्हणून मी लोकांना सांगतो की क्रम पाळा, आधी ऑब्लिव्हियन मग स्कायरिम, आणि रीमास्टरमुळे आता हा क्रम पाळणं सोपं झालंय, 2006 चे बटाट्यासारखे चेहरे सहन करायची गरज उरली नाही.

त्याची अर्धी राहिलेली क्वेस्ट आपल्याकडे येते. 30 लाल निर्नरूटं गोळा करायची, ती पण त्याच अंधाऱ्या जगात, पुन्हा मार्कर नाही, पुन्हा कान. तीस मिळाली की वर येऊन रिफ्टमधल्या सारेथी फार्मवर जायचं. तिथे अव्रुसा सारेथी, सिंडेरियनची जुनी शिष्या, बहिणीसोबत राहते आणि शेतात काय लावलंय? निर्नरूट. ओळीने लावलेलं! जे झाड सिरोडीलमध्ये दुर्मिळ होत चाललं होतं, ते इथे शेतात पिकतंय. मला ऑब्लिव्हियनमध्ये ज्या गोष्टीचा राग आला होता त्याचं उत्तर बेथेस्डाने पाच वर्षांनी असं एका शेतावर ठेवलंय, भाषण नाही, कटसीन नाही, तुम्ही शेताजवळून जाताना तो सूर ऐकू येतो, एकटा नाही, बऱ्याच झाडांचा मिळून. बक्षीस पण यावेळी कामाचं, सिंडेरियन्स सेरेंडिपिटी, औषध बनवताना पंचवीस टक्के वेळा एकाऐवजी दोन बाटल्या होतात. अल्केमी करणाऱ्याला हे कायम पुरतं.

एक बारीक शंका माझ्या डोक्यात आहे. रेड माउंटन दोनदा फुटला. पहिल्यांदा 668 मध्ये, त्याने रंग बदलला. दुसऱ्यांदा चौथ्या युगाच्या पाचव्या वर्षी, ज्याला रेड इयर म्हणतात, आणि तो तर इतका मोठा की मॉरोविंडमधला व्हार्डनफेल उद्ध्वस्त झाला, डार्क एल्फ हजारोंनी देश सोडून पळाले. मग या दुसऱ्या वेळेला वरच्या निर्नरूटवर काहीच परिणाम कसा नाही? स्कायरिममधलं साधं निर्नरूट ऑब्लिव्हियनमधल्यासारखंच दिसतं. गेममध्ये याचं उत्तर नाही. माझं वैयक्तिक मत असं की लिहिणाऱ्यांनी इथे चांगली संधी घालवली, नाहीतर रिफ्टनला आलेल्या एखाद्या डार्क एल्फ निर्वासिताच्या तोंडी दोन वाक्यं घालून झाड अजून एकदा बदलतंय असं दाखवता आलं असतं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये पण, जो दुसऱ्या युगाच्या 582 व्या वर्षात घडतो, निर्नरूट आहे आणि वेचता येतं, पण तिथे ते पटापट परत उगवणारं दुकानातल्या भाजीच्या दर्जाचं झाड होऊन बसलंय, हजारो लोक एकाच वेळी वेचतायत, इतिहासाचं ओझं वगैरे काही जाणवत नाही. ऑनलाइन गेमला तसंच करावं लागतं, समजू शकतो.

आता रीमास्टरबद्दल राहिलेलं पटकन. जागा खूप खातो, स्टीमवर 125 जीबी लिहिलंय आणि एसएसडी लागतेच. उघड्यावर फिरताना अडखळतो, म्हणजे शहरात, गुहेत मस्त चालतो पण रानात नवीन भाग लोड होताना एकदम झटका बसतो, आणि ही क्वेस्ट तर पूर्ण रानातच आहे त्यामुळे त्याचा सगळ्यात जास्त त्रास निर्नरूटवाल्यांनाच. आवाजाच्या दिशेने हळूहळू मान वळवतोय आणि नेमकं तेव्हाच चित्र अर्धा सेकंद गोठतं, दिशा हुकते. अपडेट आले, थोडा फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. सेटिंग एक पायरी खाली आणा, उगाच अल्ट्राचा हट्ट धरू नका.

डिफिकल्टीचा पण घोळ होता, अ‍ॅडेप्टवर एकदम सोपं आणि त्याच्या वरच्या एक्सपर्टवर एकदम भिंत, नंतरच्या अपडेटमध्ये मधली पायरी दिली तेव्हा कुठे बरं झालं. लेव्हल वाढवायची पद्धत सुधारलीये, जुन्या गेममध्ये आकडेमोड करून कुठलं स्किल किती वाढवायचं ते वहीत लिहून ठेवावं लागायचं, आता प्रत्येक लेव्हलला 12 पॉइंट मिळतात ते हवे तिथे वाटा, विषय संपला. निर्नरूटसाठी मैलोनमैल पायपीट केली की अ‍ॅथलेटिक्स आपोआप वर जातं, त्याचा आता पश्चात्ताप होत नाही. जुने प्रसिद्ध बग आणि गमती मुद्दाम ठेवल्यात, ती एल्फ बाई मधेच वाक्य चुकते आणि थांबा परत घेते म्हणते ते रेकॉर्डिंग पण तसंच आहे, मी ते ऐकायला खास गेलो होतो. मोड्ससाठी, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये स्वतः केलेल्या बदलांसाठी, कंपनीकडून अधिकृत साधनं काही दिलेली नाहीत, हे खटकतं, कारण मूळ गेम एवढी वर्षं जिवंत राहिला तो मोड्सवरच. डिलक्स एडिशनमध्ये जास्तीची चिलखतं आणि घोड्याची चिलखतं आहेत, निर्नरूट शोधायला त्याचा शून्य उपयोग, साधी एडिशन घ्या, शिव्हरिंग आइल्स आणि नाइट्स ऑफ द नाइन तिच्यातही येतातच.

मार्क द्यायचे तर रीमास्टरला दहापैकी आठ, एक मार्क त्या झटक्यांचा कापला आणि एक सिंडेरियनच्या तोंडात शब्द न घातल्याचा. निर्नरूटच्या क्वेस्टला वेगळे मार्क द्यायचे तर सात, बक्षीस बघून पाच झाले असते पण पूर्वेकडच्या नद्यांनी दोन वाढवले. ज्यांना यादी पूर्ण करायची सवय आहे त्यांनी नेटवरचा नकाशा उघडून शंभर गोळा करू नका, त्यापेक्षा क्वेस्ट घेऊच नका, वेळ वाया. ज्यांना नुसतं भटकायला आवडतं त्यांनी ती पार्श्वभूमीला चालू ठेवा, दुसऱ्या कुठल्या कामाने नदीकाठी गेलात आणि सूर ऐकू आला तर वळा, नाहीतर पुढे चला. आणि सिंडेरियनला शेवटची चाळीस देऊन झाल्यावर पुढे कुठे निर्नरूट दिसलं तर ते उपटायची काही गरज नाही, क्वेस्ट संपलेली आहे, राहू द्या ते तिथेच.